घरातलं एकच न वाचलेलं पत्रक

तुमच्या घरातून जो कोणी रोज कामाला जातो, त्याच्या पगारातून दर महिन्याला काय काय कापलं जातं आणि ते नेमकं कुठे जातं, हे तुम्हाला सांगता येईल का? आत्ता, या क्षणी, पगाराची चिठ्ठी न बघता?

मला सांगता येत नव्हतं. पण त्या विषयावर मी चार पानी अर्ज लिहिला होता.

माझे वडील, म्हणजे आप्पा, सुरतच्या पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये बावीस वर्षं साड्या रंगवत होते. उकळत्या रंगाच्या मशीनशी इतकी वर्षं काढल्यावर रंग माणसात मुरतो. आप्पांची नखं बघून आमच्या घरात बाजार कळायचा. माय त्यांचा हात हातात घ्यायची (तेवढंच काय ते त्यांचं प्रेम आम्हाला बघायला मिळालं) आणि म्हणायची, "औंदा राणी कलर चालस का हो दिवाळीले?" आणि खरंच, दिवाळीला अर्धं सुरत राणी कलरमध्ये असायचं.

आप्पा मिलच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटायचे. उरलेली घरी यायची. फडताळात तीच अंथरलेली, डब्यांखाली तीच, आणि माझी सगळी गणितं त्यांच्या कोऱ्या पाठीवर. बाराखडी पुरी होण्याआधी मला "जाहीर निषेध" वाचता यायचं! इतर मुली आईवर रुसायच्या. मी निवेदन द्यायचे. ("सलग तिसऱ्या दिवशी गिलक्याची भाजी : एक अन्याय." मायला वाचता येत नव्हतं. तिने त्यावर भाकरी ठेवली.) पुढे मीच पत्रकं लिहायला लागले, आणि तेव्हापासून मला एक खोड लागली. घरात आम्ही अहिराणी बोलतो, रस्त्यावर गुजराती, पण राग आला की मी छापील मराठी बोलते.

गेल्या वर्षी एका मंगळवारी आप्पा भर दुपारी घरी आले. डबा न उघडलेला, हातात प्लास्टिकची पिशवी.

"काय व्हयनं?" माय म्हणाली.

"खातं बंद व्हयनं. नवीन मशीन उनं."

पिशवीत बावीस वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या होत्या, रबर लावून. आप्पांनी ती देवघराखाली ठेवली आणि डबा उघडून जेवले. नोकरी गेली म्हणून भाकरी का वाया घालवायची?

दोनच दिवसांनी भिकनकाका आले. आमच्याच गल्लीतले, आप्पांच्याच खात्यातले, आणि त्यांचीही नोकरी त्याच मंगळवारी गेलेली. त्यांनी दोन बातम्या आणल्या होत्या.

"दादा, पर्वत पाटियाले एक मार्केटमा वॉचमन पाहिजे. दिवसपाळी. खुर्ची शे, पंखा शे. सोमवारी ये म्हने."

आप्पांचे डोळे बावीस वर्षांत पहिल्यांदा पंख्यासाठी चमकले. बावीस वर्षं वाफेत उभं राहिलेल्या माणसाला पंखा म्हणजे काय, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

"आनि दुसरं," काका म्हणाले, "कामवरतून काढं त्यासले सरकार काही दिवस थोडा पगार देस म्हने."

"कोण देतं? कुठे?" मी विचारलं.

"माले काय मालूम! सरकार देस."

बस! माझ्या अंगात छापील मराठी संचारली.

"आप्पा, सोमवारी तुम्ही कुठेही जाणार नाही! हक्क पदरात पडण्याआधी चाकरी पत्करणं म्हणजे हक्कावर पाणी सोडणं होय!"

"होय" शब्द ऐकून काका जरा मागे सरकले. आमच्या घरात "होय" कोणी म्हणत नाही.

"पंखा शे म्हने," आप्पा हळूच म्हणाले.

"पंखा हे आमिष आहे!"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची मुलगी शिकलेली होती, तिचं लिहिलेलं छापलं जात होतं. त्यांनी भिकनकाकांना सांगितलं, "ऱ्हाऊ दे भो."

मग मी पिशवीतल्या चिठ्ठ्या पसरल्या. पगारातून दोन गोष्टी कापल्या जात होत्या : एक विमा, एक कर. विम्याचं मला लगेच कळलं. विमा म्हणजे दवाखाना. त्याचं कार्ड घरात होतंच. सगळं पांडेसरा त्याला दवाखान्याचं कार्डच म्हणतं. मायचा खोकला, माझी कावीळ, आप्पांच्या हातावरची ॲलर्जी, सगळं त्या कार्डावर बरं झालं होतं. म्हणजे विम्याचा हिशेब फिटला. राहिला कर. तो बावीस वर्षं गेला आणि परत काहीच आलं नाही! मग बेकारीत पगार देणार कोण? ज्याने घेतला तो!

इतका स्वच्छ विचार मी त्याआधी कधी केला नव्हता. चुकीचा विचार नेहमीच फार स्वच्छ असतो.

मी अर्ज लिहिला, चार पानी. "घामाच्या प्रत्येक थेंबावर आपण कर घेतलात" अशी सुरुवात होती. आप्पांना घेऊन इन्कम टॅक्सच्या ऑफिसात गेले. टपालाच्या खिडकीवरच्या माणसाने चार पानं चाळली, माझ्याकडे पाहिलं, आप्पांच्या निळ्या नखांकडे पाहिलं (तेव्हा निळा सीझन होता) आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला.

शिक्का! तुम्हाला पत्रकं वाटणाऱ्या घरातला शिक्क्याचा महिमा माहीत नसेल. आमच्या बाजूच्या कुठल्याही कागदावर सरकारने तोवर शिक्का मारलेला नव्हता. ती पोच मी प्लास्टिकच्या कव्हरात घालून भिंतीवर लावली. गल्लीतल्या आणखी पाच जणांनी येऊन ती पाहिली आणि म्हणाले, "आमनाबी लिखी दे ना, पोरी." मी लिहिले. पाच अर्ज, वीस पानं, पाच शिक्के. माय चहा करून दमली.

आणि आम्ही वाट बघत बसलो. एक महिना. मग दुसरा.

घर कसं चाललं? मायमुळे. तिने साड्या आणायला सुरुवात केली. टिकल्या, खडे, लेस लावायच्या साड्या टेम्पोवाला दारात टाकून जातो आणि मोजून परत नेतो. आप्पा सुरुवातीला नुसते बघत बसायचे. मग एका दुपारी त्यांनी गोंदाची बाटली घेतली. त्या जाड बोटांत टिकली मावत नव्हती. ती कधी अंगठ्याला चिकटायची, कधी कानाला. (एक दिवस ते कपाळावर खडा घेऊन दूध आणायला गेले. गल्ली आठवडाभर हसली.) तिसऱ्या दिवशी त्यांनी एक साडी उजेडात धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"हाऊ रंग मन्हा हातना शे," ते म्हणाले.

 मायने ती साडी त्यांच्याकडेच राहू दिली.

त्या दोघांना असं बसलेलं बघून माझं रक्त उसळलं आणि मी एक नवं पत्रक काढलं : "घरी बसून केलेलं काम हेही कामच!" दिवसभर मान मोडून टिकल्या लावणाऱ्या बाईला "घरीच असते" म्हणणाऱ्या प्रत्येकाचा त्यात मी समाचार घेतला होता. छापण्याआधी आप्पांनी ते बोट फिरवत वाचलं आणि म्हणाले, "चांगलं शे. खरं शे." माझ्या लिखाणावर त्यांनी दिलेला तो पहिला शेरा. पुढे तो मला चांगलाच महागात पडणार होता.

अखेर टॅक्स ऑफिसचं पत्र आलं! इंग्रजीत होतं. त्यातलं मला एवढंच नक्की कळलं की अमुक दिवशी, अमुक वाजता, पॅन कार्ड घेऊन या.

"मंजूर झालं!" मी जाहीर केलं.

मायने शेवभाजी केली. पाचही जण जेवून गेले. भिकनकाका मात्र आले नाहीत. हल्ली ते फारसे दिसतच नव्हते, आणि मी माझ्या विजयात इतकी होते की का दिसत नाहीत हे विचारलंही नाही.

आप्पांनी माझ्या मामाच्या लग्नातला शर्ट घातला. ऑफिसात एक मराठी बाई होत्या, देवधर मॅडम. चष्मा, सुती साडी, शांत आवाज. मी खुर्चीवर बसतानाच भाषण सुरू केलं.

"मॅडम, बावीस वर्षं ज्या श्रमिकाच्या..."

"थांब जरा." त्यांनी संगणकात पॅन नंबर घातला, मग आप्पांकडे वळल्या. "आप्पासाहेब, तुमचा साड्यांचा व्यवसाय कसा चाललाय?"

आप्पा गोंधळले. "वेपार नही मॅडम. मी साड्या रंगवतो. रंगवायचो."

"इथे तर तुम्ही साड्यांचे व्यापारी आहात. आठ वर्षांपूर्वी रिटर्न भरलंय. चांगलं उत्पन्न दिसतंय, कराच्या मर्यादेच्या जरासं आत. आता या अर्जात लिहिलंय की तुम्ही गरीब कामगार. म्हणून बोलावलं मी. यातलं खरं कोणतं?"

आठ वर्षांपूर्वी! मला आठवलं. आमची दीड खोली घेताना कर्ज हवं होतं. नुसत्या मिलच्या पगारावर बँक देईना. तेव्हा एका एजंटने आप्पांना कागदोपत्री साड्यांचे व्यापारी केलं होतं. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं अशीच व्यापारी आहेत. आप्पांनी सही केली होती आणि घरी आल्यावर हात धुतले होते. मला वाटलं होतं रंगामुळे.

आप्पांनी मान खाली घालून सगळं खरं सांगून टाकलं. एका दमात, हात जोडून. मॅडमनी त्यांना पाणी दिलं. "ते कसं दुरुस्त करायचं ते मी सांगते, घाबरू नका," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही इथे बेकारीचे पैसे मागायला का आलात?"

"कारण कर आपण घेता!" मी म्हणाले. "जो घेतो त्यानेच संकटात द्यायचं असतं!"

"अगं, आम्ही फक्त घेतो. द्यायचं ऑफिस वेगळं."

"हा कुठला न्याय?"

"घेणाऱ्यानेच दिलं असतं, तर सरकारने दोन ऑफिसं कशाला बांधली असती?" त्यांनी एक चिठ्ठी उचलली. "आणि हे जे कापलंय ना, तो व्यवसायकर आहे. तोसुद्धा आमच्याकडे येत नाही. म्हणजे तुझ्या वडिलांचा एक रुपयाही या ऑफिसात आलेला नाही."

म्हणजे ज्या ऑफिसावर मी चोवीस पानं आग ओकली, त्याने आमचं काहीही घेतलेलं नव्हतं. भाड्याने राहणाऱ्याला घरमालक समजून मोर्चा नेल्यासारखं झालं.

"विम्याचं कार्ड नाही का तुमच्याकडे?" मॅडमनी विचारलं.

आप्पांनी खिशातून काढलं. "हाई? हाई त दवाखानानं शे."

मॅडमनी कार्ड हातात घेतलं, कव्हरात दोन बोटं घातली आणि मागून घडी घातलेला एक कागद ओढून काढला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. कार्ड मिळालं त्या दिवसापासून तो तिथे होता. गुजरातीत होता, जे मला मराठीइतकंच वाचता येतं. त्यात लिहिलं होतं : आजारपण, अपघात, बाळंतपण. आणि खाली, छापल्यानंतर मारलेल्या शिक्क्यात, एक ओळ. नोकरी गेल्यास काय मिळतं आणि ते कुठे मागायचं.

ते एक पत्रक होतं! आमच्या घरात, जिथे डब्यांखालचीसुद्धा पत्रकं मला पाठ होती, तिथे एकच पत्रक मी वाचलेलं नव्हतं. सरकारी होतं म्हणून.

"ह्याच कार्डावर मिळतं," मॅडम म्हणाल्या. "हेच ते देणारं ऑफिस. दवाखाना हा त्याचा एक भाग."

परत येताना रिक्षात आप्पा ते कार्ड उलटसुलट करून बघत राहिले. मी म्हटलं, "आप्पा, बोला ना." ते म्हणाले, "शेवभाजी चांगली व्हयनी व्हती."

विम्याच्या ऑफिसात दुसऱ्याच दिवशी गेलो. खिडकीवरचा माणूस भला होता. "काका, अंगूठो मूको," तो म्हणाला. आप्पांनी मशीनवर अंगठा ठेवला. मशीनने ओळखलं नाही. दुसरा अंगठा. नाही. "हाथ धोईने आवो." धुवून आले. नाही. रंगाने आणि रसायनाने बोटांवरच्या रेषाच खाल्ल्या होत्या. बावीस वर्षं मिलला हात दिले, आता सरकारला दाखवायला ठसा उरला नव्हता! दहाही बोटं झाली. शेवटी डाव्या करंगळीवर हिरवा दिवा लागला. मागची रांग टाळ्या वाजवायची बाकी होती.

"आप्पा, तुमची करंगळी कामचुकार निघाली म्हणून वाचलो," मी म्हणाले. ते खरंच हसले. त्या सगळ्या महिन्यांत तेवढंच.

मग फॉर्म आला. खाली एक ओळ होती : या काळात मी कोणतेही काम केलेले नाही. सही.

आप्पांनी पेन उचललं. पेन तसंच राहिलं.

"काम करं ना आपन," ते म्हणाले. "टिकल्या."

"आप्पा, ते काम नाही!" मी कुजबुजले. "ते असंच, घरी बसून..."

आप्पांनी वर पाहिलं. रागाने नाही. जरा आश्चर्याने. "तूच लिखेल शे ना? घरी बसून केलेलं काम हेही कामच. मी वाचं. खरं शे म्हनं तुले."

मागे रांग. खिडकीत तो भला माणूस. आणि मी, अख्ख्या गल्लीला तत्त्व शिकवणारी, वडिलांच्या कानाशी लागून सांगत होते, "आप्पा, एवढं एक वेळ. कोणी बघत नाही. प्लीज."

"एकदा खोटावर सही करी मी," आप्पा म्हणाले. "घर भेटनं. पन ते कागद आठ वरीस मन्हा मांगे चालत उनं. कालदिन मॅडमनापुढे माले लाज वाटनी, रुपाली. आते नही."

आणि त्यांनी ती ओळ खोडून, सावकाश, शाळेतल्या अक्षरात लिहिलं : घरी पत्नीबरोबर साड्यांना टिकल्या लावल्या.

असं लिहिलेलं खिडकीतल्या माणसाने आधी कधी पाहिलं नव्हतं. "काका, आवुं कोई लखतुं नथी." त्याने फॉर्म चौकशीसाठी वर पाठवला. तो अजून वरच आहे.

बाकीच्या पाच जणांचे अर्ज मी योग्य ऑफिसात, योग्य खिडकीवर, एकेका पानात नव्याने भरून दिले. टिकल्या त्यांच्याही घरी होत्या, पण त्या ओळीखाली सही करून पाचही जणांना पैसे मिळाले. कारण पाचांपैकी एकानेही माझं पत्रक वाचलेलं नव्हतं.

राहिली पर्वत पाटियाची खुर्ची. एके दिवशी मार्केटवरून जाताना दिसली. पंखा फिरत होता, आणि खाली भिकनकाका बसलेले. स्वतःची नोकरी गेलेली असताना ती जागा त्यांनी आधी आप्पांना देऊ केली होती, आणि आप्पांनी नाही म्हटल्यावरच घेतली होती. मला बघून ते उभे राहिले, चोरी पकडल्यासारखे. त्याच आठवड्यात घरी आले.

"दादा, तू सांग. मी उठस त्या खुर्चीवरतून. तू बठ."

"बठ रे भो," आप्पा म्हणाले. "पंखा कसा शे?"

"आवाज करस."

"मंग बरं. मिलना आवाजनी सवय शे, माले त झोपच लागती."

दोघं हसले. मी आत गेले. आप्पांची नखं आता पांढरी झाली आहेत, बावीस वर्षांत पहिल्यांदा. माय अजून कधी कधी सवयीने त्यांचा हात हातात घेते, बघते, आणि सोडून देते. यंदा दिवाळीला कुठला रंग चालणार, आमच्या घरात कोणालाच माहीत नाही.

तेव्हा तुम्हाला माझी एकच विनंती आहे. हे वाचून खाली ठेवलंत की उठा. घरातल्या कामगाराचं ते दवाखान्याचं कार्ड शोधा. कव्हरात दोन बोटं घाला, मागे काही कागद आहे का बघा, आणि असेल तर ज्याचं ते कार्ड आहे त्याला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवा. कागद नसेल, किंवा काही अडलं, तर सरळ त्या ऑफिसच्या खिडकीवर जाऊन विचारा. पण माझ्याकडे येऊ नका. मी पत्रक लिहून देईन.